सकाळचं माप

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर माझ्या नवऱ्यानं मला फिरायला नेलं, आणि तेही सरकारनं नेलं म्हणून. रजा प्रवास सवलतीची मुदत त्या डिसेंबरात संपत होती. पाटबंधारे खात्यातला कारकून एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, पण सरकारी सवलत वाया जाऊ देणार नाही. आम्ही वर्ध्याजवळ एका तालुक्याच्या गावी राहायचो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. दिवाळीची सुट्टी होती, यांची रजा मंजूर झाली, मुलीला माझ्या आईकडे ठेवायचं ठरलं, आणि मग कुठं जायचं यावर चार दिवस काथ्याकूट झाला. मला समुद्र बघायचा होता. यांना कुठंच जायचं नव्हतं, नुसती सवलत घ्यायची होती. शेवटी निकाल सासऱ्यांनी लावला.

"कोल्हापूरले जा," ते म्हणाले. "मले तिथल्या वाहणा पायजे. वाजणाऱ्या."

बाबांनी उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली केली. छप्पन साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. देवाधर्माचं काही मागायचा प्रश्न नव्हता, आणि तसंही त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. त्यांचे वडील गावच्या मालगुजाराच्या दारावरून जाताना पायातल्या वहाणा काढून काखेत मारायचे आणि घर मागं पडलं की पुन्हा घालायचे. हे बाबांनी लहानपणी बापाचं बोट धरून पाहिलेलं. स्वतः ते आधी अनवाणी आणि मग रबरी स्लिपरवर राहिले. कोल्हापुरी वहाण चालताना वाजते हे त्यांना जिनिंगमधल्या कुणा ट्रकवाल्याकडून कळलं होतं, त्यालाही वीस वर्षं झाली असतील.

"अख्ख्या गल्लीले समजलं पायजे कोण चाललं ते," असं म्हणून ते हसले. मी आमच्या घरात त्यांना इतकं मोकळं हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी दूधवाला येऊन गेला, आणि मी अंगणात ब्राऊन पेपर अंथरला. मुलांच्या वह्यांना कव्हर घालायचा कागद, घरात त्याला तोटा नव्हता. हे रिक्षा बघायला गेले होते, बाबा नुकतेच झोपून उठले होते. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते कागदावर उभे राहिले. मी खाली बसून एका हातानं त्यांचा घोटा धरला आणि दुसऱ्या हातानं पावलाभोवती पेन्सिल फिरवली. डावा पाय झाला. उजव्या पायाची रेघ पुरी करून मी हात काढला, तर घोट्याच्या वर माझा अंगठा होता तिथं खळगा पडलेला. मी तो भरून यायची वाट पाहत राहिले. तो लवकर भरून आला नाही.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांनी पाहिलं.

"काल खारं खाल्लं जास्त," ते म्हणाले. "गाडीची वेळ झाली ना? उचला कागद."

मी कागद उचलला, त्याची गुंडाळी केली आणि रबर लावलं. मी काही डॉक्टरीण नव्हते, पण आरोग्याचा धडा दरवर्षी चौथीच्या वर्गाला शिकवत होते. हे चांगलं नाही एवढं मला कळलं होतं. पण यांना सांगितलं असतं तर दोन मिनिटांत बॅगा रिकाम्या झाल्या असत्या. बापाला साधा खोकला आला तरी हा माणूस ऑफिसातून अर्धा दिवस काढून घरी यायचा. मी मनात म्हटलं, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे, आल्यावर दाखवू. नणंद गावातच दिलेली होती, ती दोन्ही वेळा डबा आणून देणार होती. अकरा वर्षांत मी या घराचा उंबरा ओलांडून शाळा आणि माहेर सोडलं तर कुठं गेले नव्हते. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की आज लिहितानासुद्धा त्याची लाज वाटते.

गाडीत एक दिवस आणि एक रात्र गेली. तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती, ती संपली तेव्हा कोल्हापूर आलं. धर्मशाळा स्वस्त पडली असती, पण आडनाव सांगितल्यावर खोल्या भरलेल्या निघतात हा अनुभव गाठीशी होता, म्हणून एस.टी. स्टँडसमोरचा एक लॉज घेतला. संडास-बाथरूम मजल्यावर सगळ्यांना मिळून एक. खोलीच्या खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. हे खिडकीत उभे राहून म्हणाले, "व्ह्यू चांगला आहे." मला वाटलं होतं हा माणूस कुरकुर करेल.

रंकाळा आधी का पन्हाळा आधी, असा यांचा कागदावर आराखडा तयार होता. मी म्हटलं, आधी चपलांची ऑर्डर, त्यांना दिवस लागतात. चपलांच्या दुकानांची एक अख्खी ओळच होती तिथं, चामड्याचा आणि तेलाचा वास लांबूनच येत होता. बहुतेक दुकानांत तयार जोड टांगलेले होते. एका टोकाला एक म्हातारं जोडपं स्वतः काम करत बसलेलं दिसलं. म्हातारबा तळ कापत होते, त्यांची बायको चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत होती. मला तेच बरं वाटलं.

"कुठलं पावणं?" म्हातारबांनी विचारलं.

"वर्ध्याचे."

"लय लांबनं आलाय की. बसा."

मी ब्राऊन पेपर उलगडला. यांना तोवर शेजारच्या दुकानात गोंड्यांचा एक जोड दिसला आणि हे तिकडं गेले. म्हातारबांनी कागद मांडीवर घेतला, माझ्या रेघेवरून बोट फिरवत नेलं. दोन्ही पायांवरून. मग पुन्हा एकदा.

"माप कुणी घेतलं?"

"मी."

"ब्येस घेतलंय. हात हाललेला न्हाय." मला शाळेत इन्स्पेक्टरनं शेरा दिल्यावर वाटावं तसं बरं वाटलं. मग ते म्हणाले, "सकाळी घेतलंय का सांजचं?"

"का हो?"

"हितं बगा." त्यांनी पावलाच्या आतल्या अंगाला बोट ठेवलं. "हितं कमान पडाय पायजे. रेग सरळ गेलीया, दोनी पायाला. पाय फुगल्यात. आता सांजच्याला फुगत्यातच पाय. माणूस दिसभर उभा ऱ्हातोय, चालतोय. तसलं माप आलं की आमी दोन सूत आत घेतो, न्हायतर पायताण सकाळी ढिलं पडतंय."

"आणि सकाळचं असलं तर?"

"सकाळचं आसलं तर पायताणाचं ऱ्हाऊ दे, बाई. रातभर झोपून बी उतरत न्हाय ती सूज बरी नव्हं. आदी माणसाला डाक्टरकडं न्यायला पायजे."

मी शेजारच्या दुकानाकडं पाहिलं. यांनी तो गोंडेवाला जोड पायात घातला होता आणि पँट वर धरून आरशासमोर ऐटीत येरझारा घालत होते. माझी नजर गेली तशी यांनी मिशीवरून उलटी मूठ फिरवली. ऑफिसात ज्याचं हसू कुणी पाहिलेलं नाही तो माणूस. दुकानदारसुद्धा हसत होता.

"संध्याकाळी," मी म्हणाले. "संध्याकाळी घेतलंय माप."

म्हातारबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या बायकोचे हातही क्षणभर थांबले.

"सांजचं म्हंता?"

"हो."

"मग काय हरकत न्हाय." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या रेघेच्या आतून दुसरी रेघ ओढली. दोन्ही पावलांना. "चौथ्या दिशी दुपारी या. करकर वाजंल आसं करून ठेवतो." वाजण्यासाठी तळाच्या दोन थरांमध्ये ते एक बी घालतात, ते त्यांनी मला मूठ उघडून दाखवलं.

आता खरी गोष्ट सांगते. ते चार दिवस माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. तसे नसते तर मला हे सगळं कमी टोचलं असतं.

आम्ही सकाळी म्हशीचं दूध प्यायलो, रस्त्याच्या कडेला, आपल्या डोळ्यांसमोर धार काढून पेल्यात फेसासकट देतात तसं. यांच्या मिशीला फेस लागला आणि मी तो पदरानं पुसला, भर रस्त्यात. मिसळ खाल्ली. आमच्याकडं तर्री पोह्यांवर ओततात, इथं मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे जाड स्लाइस. हे म्हणाले, "ब्रेड तर आजारी माणसाले देतात." पण तीन स्लाइस संपवले आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसले. एका घरगुती खानावळीत आम्ही एक मटणाचं ताट आणि एक साधं ताट मागवलं, दोघांत मिळून. वाढणाऱ्या बाईंनी ते बरोबर ओळखलं. त्यांनी तांबडा आणि पांढरा रस्सा दोघांच्याही वाट्यांत ओतला आणि खणखणीत आवाजात, सगळी खानावळ ऐकेल अशा, म्हणाल्या, "पावणं, लाजायचं न्हाय. रस्सा पायजे तेवडा घ्या. पोटात जागा न्हाय म्हंटल्याबिगर मी थांबायची न्हाय." पांढरा रस्सा म्हणजे यांना आधी खीर वाटली होती. नंतर पाच वाट्या झाल्या.

पन्हाळ्याला एस.टी.नं गेलो. बुरुजावर बसून एका बाईकडचा झुणका आणि मातीच्या मडक्यातलं दही खाल्लं, वारा इतका की भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी भेळ. तिथं यांनी माझा हात धरला. आजूबाजूला कॉलेजची पोरंपोरी बसलेली, त्यांच्यात आम्ही दोघं, मी पस्तिशीची आणि केस पांढरे व्हायला लागलेली. "आपण लग्नाच्या आधीच यायला पायजे होतं इथं," हे म्हणाले. मी म्हटलं, "लग्नाच्या आधी सवलत मिळत नव्हती." ते इतके हसले की हातातली भेळ सांडली.

आणि प्रत्येक ठिकाणी, दुधाच्या पेल्याशी, बुरुजावर, तळ्याकाठी, मला माझ्या रेघेच्या आतून गेलेली ती दुसरी रेघ दिसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळीच्या रांगेत बादली घेऊन उभे होते, तेव्हा पिना आणते सांगून मी खाली आले. स्टँडजवळच एस.टी.डी. बूथ होता. आमच्याकडं फोन नव्हता, घराच्या मागच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचा पी.पी. नंबर दिलेला होता. मी फोन लावून म्हटलं, बाबांना बोलवा, पाच मिनिटांनी पुन्हा करते. बाबा एरवी दोन मिनिटांत तिथं पोचायचे. पाच मिनिटांनी केला, आले नव्हते. दहा मिनिटांनी केला, दुकानदार म्हणाला, "येऊन राहिले, दिसते मले, हळूहळू येऊन राहिले." मी चालू फोन धरून उभी राहिले. समोरच्या मीटरवरचे लाल आकडे पळत होते आणि फोनमधून आधी मला त्यांचा श्वास ऐकू आला.

"कोण, मास्तरीणबाई?"

"बाबा, पाय कसे आहेत?"

"पाय? दोन आहेत." ते थांबले, श्वास घेतला. "वाहणा केल्या काय? वाजते काय?"

"करायला टाकल्या. बाबा, खरं सांगा. सूज वाढली का?"

दुकानात कुणीतरी पावशेर साखर मागत होतं, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"त्याले सांगू नका," ते म्हणाले. "मी त्याले लहानपणी कुठं नेलं नाही. जत्रेलेबी नाही. फिरू द्या त्याले."

मी ती आज्ञा मानली. सोयीची आज्ञा पाळायला कष्ट पडत नाहीत. पिना न घेताच वर गेले. हे न्हाऊन, भांग पाडून तयार होते. त्या दिवशी आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. वाटेभर उसाचे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आम्ही कापूस आणि तूर बघत वाढलेली माणसं, आम्हाला ते हिरवं खरंच वाटेना. देवळात जायचं नव्हतंच, आम्ही नदीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो आणि मग बासुंदी खाल्ली. पाण्यात माझे पाय, यांचे पाय शेजारी शेजारी दिसत होते, आणि यांच्या पावलांची कमान किती खोल आहे ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. हे म्हणाले, "बाबांसाठी कवठाची बर्फी घेऊ, त्यांले आवडन," आणि उठले.

चौथ्या दिवशी दुपारी चपला तयार होत्या. तेल पिऊन तुकतुकीत झालेलं चामडं, वर बारीक वेणी. म्हातारबांनी दोन्ही पंजे चपलांत घातले आणि फरशीवर दाबत दोन पावलं चालल्यासारखं केलं. करकर असा आवाज झाला, रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. यांचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडं बघितलं. हे मापाच्या कागदात गुंडाळून जोड पिशवीत ठेवत असताना म्हातारबा मला म्हणाले, हळू आवाजात, "न्हाय बसलं तर परत धाडा, मी बदलून दीन. पर त्येंचं पाय बगा, बाई."

"काय म्हणाले?" रस्त्यात यांनी विचारलं.

"तेल लावत जा म्हणाले," मी सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा बाबा खाटेवर पाय लोंबते सोडून बसले होते. धोतराखाली गुडघ्यापर्यंत पाय तट्ट फुगलेले. नणंद रडवेली होऊन म्हणाली, दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत नाहीत, पोरगा येऊ दे म्हणतात. यांनी पिशवी तशीच जमिनीवर ठेवली. पण बाबांना आधी वहाणा बघायच्या होत्या. मी त्या त्यांच्या पायाशी मांडल्या. त्यांनी उजवा पाय उचलून घालायचा प्रयत्न केला. बोटंसुद्धा पट्ट्याखाली गेली नाहीत. मी खाली बसून पाय धरला, हळू ढकलला. नाही गेला. माझ्या बोटांचे चार खळगे तेवढे त्यांच्या पावलावर उमटले.

"लहान केल्या भाडखाऊनं," हे ओरडले. "माप देऊन लहान केल्या! परगावचे समजून गळ्यात मारल्या!" भीती वाटली की हे असेच कुणावर तरी ओरडतात. मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

बाबांनी काय केलं, तर वाकून दोन्ही वहाणा उचलल्या, हातात घातल्या आणि खाटेच्या पाटीवर दाबल्या. करकर वाजल्या. त्यांनी पुन्हा दाबल्या. "वाजते," ते म्हणाले. "पाय नाई तर हातानं चालतो मी."

त्याच दिवशी वर्ध्याला दवाखान्यात नेलं. हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साचलंय, असं डॉक्टर म्हणाले आणि यांना विचारलं, सूज केव्हापासून आहे. "आम्ही गावाला गेलो तेव्हा नव्हती," यांनी सांगितलं. "परत आलो तेव्हा दिसली." मी केसपेपर हातात धरून शेजारी उभी होते. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी हे औषधं आणायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना एकटीनं गाठलं आणि विचारलं, आठ दिवस आधी आणलं असतं तर? ते तरुण होते, दमलेले होते. "सांगता येत नाही," म्हणाले. हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते तर मला एका बाजूला तरी होता आलं असतं.

दहा दिवसांनी घरी आणलं. पुढचे तीन-चार आठवडे बाबा खाटेवरच होते. रोज दुपारी गल्लीत वर्दळ सुरू झाली की ते उशाशी ठेवलेल्या वहाणा हातात घालून भिंतीवर चालायचे. शेजारपाजारचे म्हणायचे, "बुढा निघाला फिरायले." ते खूश व्हायचे. हे मात्र आवाज ऐकला की त्या म्हाताऱ्या कारागिराला शिव्या घालायचे. जेवतानासुद्धा, ऑफिसातल्या लोकांपुढंसुद्धा. कोल्हापूरचा माणूस तोंडावर गोड बोलतो आणि मापात फसवतो, असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आमच्या ओळखीतल्या दोघांनी तरी त्यावर विश्वास ठेवला असेल. ज्या माणसानं माझ्या सासऱ्यांचा आजार एका कागदावरून ओळखला त्याला माझ्या घरात रोज शिव्या बसत होत्या आणि मी पोळ्या वाढत होते.

लघवीच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी हळूहळू निघत गेलं. पाणी गेलं आणि त्याबरोबर माणूसही गेला. जानेवारीतल्या एका दुपारी नणंद त्यांना पेज भरवत होती, तेव्हा त्यांनी मान वळवली आणि परत इकडं केलीच नाही.

वस्तीतली माणसं जमली. पांढरे कपडे घातले, त्रिशरण-पंचशील झालं. उचलायच्या आधी हे उठले, खाटेच्या उशाकडून वहाणा आणि त्यांच्याखाली घडी करून ठेवलेला मापाचा कागद घेऊन आले आणि बापाच्या पायाशी बसले. कुणी वडीलधारं म्हणालं, नाही बसत त्या, कशाला उगीच. यांनी ऐकलं नाही. उजवा पाय धरला आणि वहाण लावली. पाऊल सहज आत गेलं. पट्टा जिथं बसायचा तिथं बसला, टाच काठाला काठ लागून टेकली. मग डावा. कुठं एक सूतभर जागा उरली नाही की बोटभर पाय बाहेर आला नाही. जिवंत पायांवरून माप घेऊन, घालून बघून, पुन्हा दुरुस्त करून केल्यासारख्या त्या बसल्या.

यांनी मापाचा कागद उलगडला आणि आधी बाहेरच्या, मग आतल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं वळले. आमच्याभोवती पंचवीस-तीस माणसं होती, पण यांनी मला एकटीलाच विचारलं.

"म्हणजे तू माप घेतलं तेव्हाच पाय सुजलेले होते."

मी बाबांच्या पायावरचा पट्टा उगीचच सारखा केला.

"केव्हा घेतलं होतं माप?"

त्यांचे डोळे लाल झालेले होते आणि त्यांत आरोप नव्हता, हे मला आजही आठवतं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. खरं सांगायची तीच वेळ होती, त्यापुढं दुसरी येणार नव्हती.

"संध्याकाळी," मी म्हणाले.

"उभं राहून राहून फुगले असतील," हे म्हणाले. "संध्याकाळी फुगतातच पाय." आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडले. मग तसंच रडत म्हणाले, "त्या बिचाऱ्याले मी फुकट शिव्या दिल्या."

वहाणा त्यांच्याबरोबरच गेल्या. खांद्यावरून नेताना त्या वाजल्या नाहीत. आमच्या गल्लीतून बाबा पहिल्यांदाच वाजणाऱ्या वहाणा घालून गेले आणि ते कुणालाही कळलं नाही.

पुढं दोन-तीनदा सवलतीची मुदत आली आणि गेली. एकदा मुलीनं आपणहून कोल्हापूरचं नाव काढलं, तर हे लगेच तयार झाले. त्या म्हातारबांना भेटून माफी मागायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी शाळेच्या परीक्षेचं निमित्त काढून ते मोडून टाकलं. म्हातारबा समोर आले असते आणि त्यांनी नुसतं विचारलं असतं, त्येंचं पाय बगितलं का, तर मी यांच्यासमोर काय सांगितलं असतं?

हे निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. रक्तदाब आहे, गोळी चालू आहे. रोज सकाळी यांना जाग यायच्या आधी मी पायथ्याशी बसते, चादर बाजूला करते आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून बघते. खळगा पडला का, आणि पडलाच तर किती वेळात भरून येतो. एकदा यांना जाग आली. "काय करून राहिली?" म्हणाले. मी म्हटलं, सूज बघते. "मग संध्याकाळी बघ ना," ते म्हणाले. "सूज तर संध्याकाळी येते." आणि पाय माझ्या मांडीवर तसेच ठेवून पुन्हा झोपले.